बाजूच्या कार्यालयातले सत्कार

देवपूरला आमच्या दवाखान्याला लागूनच मंगल कार्यालय आहे. लग्न एकदाचं लागतं, पण सत्कार काही संपत नाहीत. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, नवरदेवाच्या मामाचे साडू, एकेकाचं नाव कॉर्डलेस माइकवरून पुकारायचं आणि टोपी-नारळ द्यायचा. माझं डोकं फिरायचं, कारण तो माइक सुरू झाला की आमच्या हृदयाच्या पेशंटांचे आलेख पडद्यावरून गायब.

दवाखान्यातली यंत्रं सांभाळणं हे माझं काम. पेशंटच्या गळ्यात एक डबी अडकवलेली असते, ती ठोक्यांचा आलेख बिनतारी नर्सच्या टेबलापर्यंत पाठवते. या डब्या परदेशातून वापरलेल्या, स्वस्तात मिळाल्या. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीच म्हणालो होतो, चालतील. त्यातली एक सोनगीरच्या आबांच्या गळ्यात होती. त्यांना अटॅक येऊन गेलेला, पुन्हा कधी काय होईल सांगता येत नव्हतं. आलेख गेला की टेबलावर घंटी वाजायची, डबीवर लाल दिवा लागायचा, त्यांची मुलगी घाबरून पळत यायची आणि आबाच तिची समजूत काढायचे.

एका दुपारी मी तावातावाने स्टेजवर गेलो, माइक बंद करा म्हणायला. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून माइकवाल्याने जाहीर केलं की दवाखान्याचे साहेब वेळात वेळ काढून आलेले आहेत. मी बोलायला तोंड उघडेपर्यंत डोक्यावर टोपी, हातात नारळ आणि समोर फोटोग्राफर. तेवढा वेळ इकडे आबांचा पडदा कोरा.

मग मी सरकारच्या वायरलेस खात्याकडे तक्रार ठोकली. बऱ्याच दिवसांनी अधिकारी अँटेना घेऊन आले आणि कार्यालयाकडे न जाता आधी आमचीच डबी उलटी करून बघू लागले.

"ही फ्रिक्वेन्सी त्या देशात दवाखान्यांसाठी राखीव आहे, आपल्याकडे नाही," ते म्हणाले. "माइकवाल्याचं नंतर बघू. आधी तुम्ही हे बंद करा."

तक्रार माझी आणि गुन्हेगारही मीच! असा संताप आला म्हणून सांगू, आणि काढायचा कुणावर? नव्या डब्या यायला आठवडा होता. तोवर याच चालू द्या, असं डॉक्टरांनी ठरवलं, मीही मान डोलावली. लग्नसराईत त्या घंटीने सगळ्यांचा जीव नकोसा केला होता, म्हणून तिचा आवाज मी अगदी खाली आणून ठेवला.

दोन दिवसांनी मी नर्सच्या टेबलापाशी चहा घेत होतो. आबांची मुलगी आली, म्हणाली डबीवरचा लाल दिवा लागलाय. मी वर न बघताच सांगितलं, सत्कार चालू असतील, होईल बंद.

"भाऊ, आज लगीननी तिथ नही शे," ती म्हणाली. "कार्यालयले कुलूप शे."

मी पडद्याकडे पाहिलं. आबांचा आलेख गेलेला नव्हता, तो वेडावाकडा पळत होता. घंटीही वाजत होती, पण कान लावला तरच ऐकू येईल इतकी हळू. मी ओरडतच धावलो. डॉक्टर वॉर्डातच होते म्हणून आबा वाचले.

घरी जायच्या दिवशी आबांनी मला कॉटजवळ बोलावलं. मुलीने पिशवीतून टोपी, रुमाल आणि नारळ काढला. तुम्ही धावत आलात म्हणून आबा आहेत, असं ती सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली. आबांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. घंटीचा आवाज कुणी कमी केला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.