काशिनाथ सर आणि आठ पुस्तकं

काशिनाथ सरांना बरोबर उत्तर दिलं की खरी पंचाईत सुरू व्हायची. रोममध्ये कॉन्सल, म्हणजे राज्य चालवणारे प्रमुख, किती? "दोन, सर." सुटलो असं वाटून खाली बसावं, तोवर सर चष्म्यावरून बघत विचारायचे, "दोन कामून? एकानं भागत नव्हतं?" मग सगळा वर्ग वहीत तोंड खुपसायचा. सर उंच आणि काटकुळे, आवाज मात्र दोन वर्गांना पुरेल एवढा. मी त्यांना जाम घाबरायचे.

कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात, आमच्या गावात मराठी माध्यमाच्या आठवीत आम्ही बावीस पोरं होतो. "रोम लई लांब हाय म्हणून भिऊ नका," सर म्हणायचे. "माणसं आपल्यासारखीच. खुर्ची कुणाला आन् कुणाला न्हाई, एवढंच भांडण." सेनेट म्हणजे आपली पंचायत का, असं एकानं विचारलं. "न्हाई बाबा. पंचायतीला तुझा बाप मत टाकतो. सेनेटात बसायला मोठ्या घराचं नाव लागायचं."

त्या वर्षी मराठीतली पुस्तकं आठच आली. सरांनी ती पहिल्या आठ नंबरांना वाटून टाकली. पहिले आठ नंबर म्हणजे पुढचे दोन बाक, गावातल्या बागायतदारांची पोरं. आम्ही वस्तीवरची चौदा जणं मागं बसून वहीत उतरवता येईल तेवढं उतरवायचो. पहिल्या चाचणीत मी नापास झाले. माझे वडील, आप्पा, एरवी फार बोलत नसत. त्यांनी एवढंच सांगितलं, "पुढच्या बारीला नापास झालीस तर दप्तर ठेवायचं आन् मेंढरामागं यायचं." पुढची चाचणी रोमवर होती.

चाचणीच्या आदल्या दिवशी सरांनी प्लेबियन, म्हणजे रोममधल्या साध्यासुध्या लोकांची गोष्ट सांगितली. मोठ्या घरातली माणसं त्यांचं ऐकेनात, तेव्हा ते सगळे शहर सोडून डोंगरावर जाऊन बसले. शेवटी त्यांच्या बाजूनं बोलायला ट्रिब्यून नेमावे लागले. ही गोष्ट आम्हा मागच्या बाकांना फारच पटली. दुसऱ्या दिवशी घंटा झाली आणि आम्ही चौदाही जण तळ्याच्या बांधावर जाऊन बसलो. आता हसू येतं.

सर धापा टाकत आले, हातात प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा.

"इथं काय करायलाव रे? ट्रिब्यून कोण तुमचा?"

सगळ्यांनी मला पुढं ढकललं.

"सर, पुस्तकं पुढच्याच बाकांना कामून?" मी विचारून टाकलं.

आता कानाखाली बसणार, असं वाटलं. सरांनी गठ्ठा काखेत मारला. मग म्हणाले, "चुकलं माझं. चाचणी उद्या घेतो. आठी पुस्तकं आज तुमच्याकडं. सकाळी जशीच्या तशी परत पायजेत."

सात पुस्तकं मुलांनी आधीच पळवली, आम्हा तिघी मुलींत एकच आलं आणि तिघींच्या वस्त्या तीन दिशांना. आमच्याकडं वाटणी म्हणजे वाटणी, एकाकडं ठेवून बाकीच्यांनी वाट बघायची नाही. मी सरळ पुस्तकाचे टाके उसवले आणि धडा तिघींत वाटून टाकला. सकाळी शाळेच्या वाटेवर आम्ही पानं बदलून वाचली. मग मी ती पुस्तकात कोंबली. एक पान मधोमध फाटलं होतं.

चाचणीआधी हेडसर पुस्तकं मोजायला वर्गात आले. नेमकं तेच त्यांच्या हातात उघडलं आणि पानं खाली पडली.

"सरकारी पुस्तक कुणी फाडलं? त्याला आत्ता घरी पाठवतो. बापाला घेऊनच परत यायचं!"

आप्पांना बोलावणं गेलं की माझी शाळा संपली, हे मला पक्कं माहीत होतं. तरी उठायला हवं होतं. मी बाकावर हात टेकले, पण उठले नाही.

"म्या फाडलं," काशिनाथ सर म्हणाले. "वाटायला कमी पडायली व्हती."

हेडसर फाटकं पुस्तक घेऊन तडक निघून गेले. सरांनी काही घडलंच नाही अशा थाटात प्रश्नपत्रिका वाटल्या. मी मान खाली घालून लिहायला लागले.

सरांना नोटीस मिळाली. पेपर हेडसरांनी तपासले आणि पंधरा दिवसांत सरांची बदली बीदरकडं, जनवाड्याच्या शाळेत झाली. ते निघाले त्या दुपारी मी स्टँडवर धावत गेले, फक्त एक गोष्ट सांगायला. सर खिडकीशी बसले होते. मला बघून त्यांनीच आधी विचारलं, "किती पडले?"

"चाळीसपैकी एकवीस."

"आन् आप्पा काय म्हणले?"

"शाळा सोडू नको म्हणले."

सर मोकळेपणानं हसले. तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या हसण्यापुढं माझं वाक्य तोंडातच राहिलं आणि बस सुटली.

आता मी कलबुर्गीला कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात सर गेल्याचं कळलं. जनवाड्याला जायचं तर दोन बस बदलाव्या लागतात, अशी सबब इतकी वर्षं मी स्वतःलाच देत आले. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

सर, ते पुस्तक मी फाडलं होतं.