मागच्या सीटपुरता गारवा

जुन्या जालन्यात सीट कव्हरच्या दुकानात तो मला एकदाच भेटला. आजोबांच्या वेळची ॲम्बेसेडर त्यानं नव्यासारखी करून घेतली होती. आता आतून आवाज आणि उष्णता अडवणाऱ्या शीट लावायच्या होत्या. प्रत्येक शीटवर तो अंगठी वाजवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा, जणू तबलाच विकत घ्यायचा होता.

"मागं डबल लावा. दारांना, छतालाबी. पुढं काही नको," तो म्हणाला.

"शेठ, इंजिनची गरमी तर पुढूनच येते," कारागीर म्हणाला.

"पुढं ड्रायव्हर बसतो. त्याला सवय आहे."

साठीचा ड्रायव्हर शेजारीच काच पुसत होता.

"मंग दुसरीकडं बघा, शेठ. आपण अर्धी गाडी करत न्हाई," कारागीर म्हणाला.

"ह्याला धंदा कळत न्हाई," असं मला हसत सांगून तो मागच्या सीटवर जाऊन बसला. एवढ्या जाड कातडीच्या माणसाला वेगळी शीट कशाला लागते, असं माझ्या मनात आलं.

ड्रायव्हरनं शेठचं दार लावलं, पुढं बसून पायाखालच्या गोणपाटावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि गाडी चालू केली.