वरची फळी

मी आर्णी सोडली तेव्हा एस.टी. स्टँडवर मला पोचवायला तिघं आले होते: आई, दादा आणि कापड दुकानदार मोतीरामकाका. पहिली दोघं रडत होती. काका माझ्या ड्रेसकडे बघून कुरकुरत होते. "म्या म्हणलं होतं ना, हा रंग धूळ धरते. पुण्याले पोचेपर्यंत पाह्य त्याचं काय होते थे." दुकान उघडं टाकून हे सांगायला माणूस आला होता. मी खिडकीतून तोंड फिरवलं. सुटले एकदाची, असं वाटलं.

तुम्हा आर्णीकरांपैकी जे गावातच राहिले त्यांना काकांचं दुकान सांगायला नको. पण माझ्यासारखे जे बाहेर पडले आणि ज्यांची पोरं आता मॉलमध्ये कपडे घेतात, त्यांच्यासाठी सांगते. "काय दाखवू" हा प्रश्न काकांनी आमच्या घरातल्या कुणाला कधी विचारला नाही. त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "कापूस गेला का?" म्हणजे विकला का. त्यावरून हात कुठल्या फळीला लावायचा ते ठरवायचे. कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव पडलेले, बोंडं किडलेली, आणि उरलासुरला कापूस बसायच्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेला. आईची नजर चुकून वरच्या, जरीच्या फळीकडे गेली की काका भरल्या दुकानात म्हणायचे, "वहिनी, वर काहून पाहून राह्यल्या? खाली पाहा." आणि चौदा एप्रिलसाठीची पांढरी सुती साडी न विचारताच पुढे टाकायचे. उलगडलेल्या साड्यांच्या घड्या आम्हीच घालायच्या, पाणी माठातून आपल्या हातानं घ्यायचं, आणि वर माझे मार्क, माझं वजन, माझं लग्न यांवर काकांचं मत ऐकून घ्यायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुण्यात कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली. ट्रेनिंगमध्ये पहिलं शिकवलं ते हे, की कस्टमरला 'नाही' म्हणायचं नाही आणि त्याच्या घरचं काही विचारायचं नाही. हेडसेट लावून मी शिफ्टभर अनोळखी माणसांशी गोड बोलायचे. कपडे घ्यायला गेले की सेल्सगर्ल मला मॅम म्हणायची, आणि काहीही घालून आरशासमोर उभी राहिले तरी छान दिसतंय म्हणायची. सुरुवातीला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काही वर्षांनी मार्चमध्ये गावी गेले, तोवर दादाचं लग्न झालं होतं. वहिनी ढाणकीची, संगीता. आईसाठी साडी घ्यायला मी तिला घेऊन काकांकडे निघाले. काका आता केस कापले म्हणून बोलणार, वाळली म्हणून बोलणार, अशी सगळी उत्तरं रस्त्यानं तयार करून ठेवली होती.

काका उठून उभे राहिले. "या ताई, बसा. कोणत्या रेंजमधी दाखवू?"

ताई. ज्यांनी माझ्या पहिल्या फ्रॉकचं कापड फाडलं, त्यांनी मला ताई म्हणावं.

मग स्टूल ओढून त्यांनी वरची फळी उतरवली, सगळीच्या सगळी. जन्मात हाताला न लागलेल्या साड्या समोर पसरल्या होत्या, पण माझं लक्ष शेजारी होतं. वहिनीनं एका पदराला नुसतं बोट लावलं आणि काका कडाडले, "तू कायले हात लावतं वं संगीता? कापूस घरातच पडला हाय ना?"

"पाहू बी नाही का काका?"

"नाही पाहाचं. पाह्यलं का मन होते."

ती हसली, उठून माठातलं पाणी प्यायली आणि परत येऊन गादीच्या कोपऱ्यावर बसली, जिथे मी बसायचे. मी घाईघाईनं एक साडी ओढून घडी घालायला लागले. काकांनी ती हळूच माझ्या हातातून काढून घेतली. "राहू द्या ताई. संगीता घालते ना."

मत्सर कशाला म्हणतात ते मला तिथे कळलं. दादा तिचा झाला, स्वयंपाकघरातले डबे तिच्या मर्जीनं लागले, ते मी सोसलं. लग्न म्हटलं की ते आलंच. पण ही बोलणी माझी होती. काल आलेली पोरगी ती मजेत खात होती आणि वर हसत होती. रागाच्या भरात मी त्या ढिगातली सगळ्यात भारी साडी उचलली, पांढरी, रुंद जरीकाठाची. आता तरी काका काही बोलतील म्हणून जरा थांबले. त्यांनी ती पिशवीत घातली आणि मला पायरीपर्यंत पोचवायला आले.

आईनं साडी उलगडली आणि आधी हेच विचारलं, "मोतीरामभाऊनं देली? काहीच म्हणलं नाही?"

"नाही."

तिनं काठावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "यंदा चौदा एप्रिलले साऱ्या बाया जुनंच नेसणार हायेत. म्या हे नेसून त्याइच्यात कशी बसू?" आणि साडी नीट घडी करून माझ्याच बॅगेत ठेवली. काका आम्हाला वर का पाहू देत नव्हते, ते मला तेव्हा समजलं. त्यानं जळफळाट कमी झाला नाही, वाढलाच.

ती साडी अजून पुण्यात माझ्या कपाटात आहे. इथे फ्लॅट माझा आहे, दारावर पाटी माझी आहे, आणि मी काय घ्यावं, काय घेऊ नये, हे सांगणारं कुणी नाही. घर म्हटलं की मला आमचं दारसुद्धा आधी आठवत नाही. ती गादी आठवते, आणि "खाली पाहा" आठवतं.

परवा वहिनीचा फोन आला. यंदा कापूस बरा गेला म्हणून ती मोठ्या आशेनं दुकानात गेली होती, तर काकांनी पुन्हा खालच्याच फळीला हात घातला. "म्हणते, पयले घराले प्लास्टर करा, मंग जरीचं पाहा. साऱ्या दुकानासमोर, ताई."

मी विचारलं, अजून काय म्हणाले? तिनं सांगितलं. मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. शेवटी सुस्कारा सोडून ती म्हणाली,

"तुमचं बरं हाय ताई. तुमाले थे काहीच म्हणत नाहीत."