टाकीच्या तोंडावरचा माणूस

हिरामण म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, सगुणाचा, नवरा. गेल्या शिमग्यात वारला. मयताला गावातून नऊ माणसं आली. नऊ! आमच्याकडं कुणाची म्हैस मेली तरी वीस जण बघायला जमतात. त्या नवांत मी होतो, आणि खरं सांगायचं तर तिथं उभं राहायचं तोंड मला नव्हतं. का नव्हतं ते सांगतो, पण मध्ये अडवू नका. एकदा थांबलो तर पुन्हा माझ्याच्यानं बोलणं व्हायचं नाय.

आमचं गाव धरमतर खाडीच्या काठाला. भातशेती बांधाआड, बांधापलीकडं खाडी. उधाणाला बांध फुटला की आम्ही म्हणतो, खांड गेली. खांड गेली की हाक पडते, आणि हाक पडली की भरलं ताट सारून घराघरातला गडी त्या वाहत्या पाण्यात उडी टाकतो. पेंढा टाकतो, चिखल टाकतो, काहीच नसलं तर अंग आडवं घालतो. काठावर उभा राहून विचार करणाऱ्याला आमच्यात किंमत नाय. माझ्या बापानं अशीच उडी टाकून वाहून जाणारे दोघे वर काढले होते. आमची आई बायजाबाई ती गोष्ट आम्हाला भाकरीबरोबर वाढायची.

बांध पुन्हा पुन्हा फुटून शेतं खारी झाली, तसे आम्ही तिघं रोह्याला धाटावच्या एका केमिकल कंपनीत लागलो. हिरामण, मी म्हणजे नाथा, आणि आमचा धाकटा केरू. कंपनीचं नाव घेत नाय, आता ती उरली पण नाय. पहाटे रामवाडीच्या स्टँडवर एसटी धरायची, नागोठण्यावरून रोहा. केरू बावीस वर्षांचा, अंगात वारं भरलेलं. एसटीत कंडक्टरला पण चिडवायचा.

हिरामण त्याच्या उलट. काटक, कमी बोलणारा, प्रत्येक गोष्ट दोनदा बघणारा. भोपाळला वायू सुटून माणसं मेली, त्यानंतर सरकारनं कारखान्यांचे नियम कडक केले. कंपनीनं हिरामणला मुंबईला चार दिवस शिकायला धाडला, तो परमिटवाला होऊन आला. टाकीत उतरायचं तर आधी आतली हवा तपासायची. परमिटच्या कागदावर साहेबाची सही घ्यायची. कमरेला पट्टा आणि दोर बांधायचा. आणि एक माणूस टाकीच्या तोंडावर उभा ठेवायचा, त्यानं काही झालं तरी आत उतरायचं नाय.

"आतला पडला तरी?" केरूनं विचारलं.

"पडला तरी. घंटा मारायची, मास्कवाल्याला बोलवायचं. उगाच मागून उतरलं की एकाच्या जागी दोन जातात."

"भावजी, तुम्ही खांडीवर पण परमिट मागाल!" केरू म्हणाला, आणि आम्ही सगळे खो खो हसलो. सगुणाबायला तर ठसका लागला. हिरामण पण हसला बिचारा.

साल एकोणनव्वद. गणपती चार दिवसांवर आलेले, सगळ्यांना घराची ओढ. एका टाकीच्या तळातला गाळ काढायचा होता. हिरामण सहीला गेला, तर साहेब जाग्यावर नाय. मी आणि केरू टाकीवर बसून राहिलो. अर्धा तास झाला.

"सही येईस्तोवर गणपती विसर्जनाला निघतील," केरू म्हणाला. "चार बादल्यांचं काम, हा गेलो हा आलो."

मी थोरला भाऊ. नको म्हणायचं काम माझं होतं. मी म्हटलं, "बघ बाबा." एवढंच. तो शिडीवरून उतरला आणि चौथ्या-पाचव्या पायरीला त्याचे हात सुटले. खाली धप आवाज झाला. हाक मारली, ओ नाय.

मी बोंब मारली आणि एक पाय आत टाकला. तेवढ्यात हिरामण धावत आला, हातात सही झालेला कागद. त्यानं घंटा मारली, "मास्क आणा!" म्हणून ओरडला, मला पाठीमागून मिठी घालून खाली पाडलं आणि छातीवर बसला. मास्क कुलपात होता, किल्लीवाला चहाला गेलेला. वीस मिनिटं गेली. केरूला बाहेर काढला तेव्हा सगळं संपलेलं.

गावाला ठाऊक हाय ते एवढंच. आता गावाला ठाऊक नाय ते ऐका. हिरामण म्हणजे काडी. मी पाठीवर मिठाच्या गोणी वाहणारा गडी. मनात आणलं असतं तर एका हिसक्यात सुटलो असतो. पहिल्यांदा जोर लावला पण. मग टाकीच्या तोंडातून सडक्या अंड्यांचा वास आला, डोकं गरगरलं, आणि मी भ्यालो. हातपाय झाडत राहिलो, "सोड मला, माझा भाऊ हाय आत!" म्हणून ओरडत राहिलो, पण जोर काढून घेतला. हिरामणचं तोंड माझ्यापासून वीतभर होतं. अंगाखालचा माणूस खरा झुंजतोय की सोंग करतोय, हे कळल्यावाचून राहत नाय. त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि मला आणखी घट्ट धरलं. रडत होता तो.

घरी आईनं एकच विचारलं. "तुम्ही दोघं तिथं होता. कोण उतरलं?"

मी म्हटलं, "मी उतरत होतो आये. भावजीनं धरलं."

हे वाक्य खोटं नाय. म्हणून तर इतकी वर्षं टिकलं! हिरामण बाजूलाच उभा होता. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "व्हय आये, मीच धरलं."

"माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको," आई म्हणाली. आणि मरेस्तोवर लावू दिला नाय.

सरकारचा फॅक्टरी इन्स्पेक्टर चौकशीला आला. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "या माणसानं नियम पाळला, नाहीतर तुम्ही दोन प्रेतं नेली असती." गावात लोक म्हणाले, साहेबाचं काय जातंय, त्याचा कोण होता आत? ज्याचं जळतं त्याला कळतं. त्यात मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला, तेव्हा कंपनीनं हिरामणला शाल-नारळ दिला, फोटो काढून फळ्यावर लावला. मास्क कुलपात ठेवणारे हेच, आणि सत्कार करणारे पण हेच! हिरामणनं शाल गेटवरच्या वॉचमनला देऊन टाकली. पण फोटोची बातमी त्याच्या आधी गावात पोचली. जखमेवर मीठ चोळायला आमच्याकडं मिठाला काय तोटा?

दोन वर्षांनी मोठी खांड गेली. हाक पडली, हिरामण घमेलं घेऊन सगळ्यांच्या आधी पोचला. गावकीचा पुढारी काळुराम वरून ओरडला, "तू काठावर बस रे, आधी साहेबाची सही आण!" लोक हसले. मी कमरेइतक्या चिखलात उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर त्या सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. मी खाली वाकून चिखल भरत राहिलो. हिरामण घमेलं तिथंच ठेवून घरी गेला. त्यानंतर तो कधी हाकेला आला नाय, आणि न आल्याचा ठपका पण त्याच्यावरच.

एवढं होऊन तो मला कधी वाकडं बोलला नाय. कंपनीत डबा खायला बसलो की आपल्यातली भाजी माझ्याकडं सरकवायचा. मला ती गिळवायची नाय. दर गणपतीला सगुणाबाय एकटीच आमच्या घरात यायची. तो अंगणाबाहेरूनच देवाला हात जोडायचा. त्याला एकच गोष्ट हवी होती, आमच्या आईनं एकदा "ये" म्हणावं. मला वाटतं, तेवढ्यावर तो बाकीचं सगळं गाव सोसून गेला असता.

आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा तो आला. दाराबाहेर उभा राहून म्हणाला, "आये, दोन थेंब पाणी घालू का तुझ्या तोंडात?"

आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी उशाशी होतो. शब्द अगदी ओठावर आला. मग म्हटलं, मरताना हिला कशाला दुखवा? एक लेक गेला, दुसरा मर्द हाय एवढं तरी समाधान घेऊन जाऊ दे. अशी स्वतःची समजूत घातली. थापा सगळ्या! मला लाज वाटली, दुसरं काय नाय. आई तशीच गेली.

आणि आता हिरामण पण गेला. त्याचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, तेव्हा मी सगुणाबायसमोर जाऊन बसलो. ती तांदूळ पाखडत होती.

"बाय," मी म्हटलं, "त्या दिवशी भावजीनं मला धरलं खरं. पण मी सुटायला बघतच नव्हतो गो. मी भ्यालो होतो."

तिचं सूप थांबलं नाय. "ठाऊक हाय," ती म्हणाली. "त्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं. म्हणाले, नाथा भ्याला, त्यात पाप नाय, मी पण भ्यालो होतो. पण आईला कळलं तर ती त्याला पण घराबाहेर काढील. एक तरी लेक तिच्याजवळ राहू दे."

"मग तू का नाय बोललीस? पस्तीस वर्षं, बाय!"

"मला शपथ घातली होती. म्हणायचे, नाथाचं नाथा सांगेल, बघ तू. एक दिवस येऊन आपणहून सांगेल." तिनं सूप खाली ठेवलं. "गेले त्या दिवशी सकाळी पण विचारलं, नाथा आला का?"

त्या सकाळी मी घरीच होतो, चार घरं पलीकडं. त्याला बरं नाय हे मला दोन दिवस ठाऊक होतं. जाऊ उद्या, असं म्हणत ओट्यावर बसून राहिलो होतो.