माईकपुढचा हार

बारामतीच्या उद्योजक मेळाव्यात तो भेटला. पुण्यात इंटरनेट आलं होतं आणि इंदापूर तालुक्यातल्या कळंबला साधा फोनही धड लागत नव्हता. त्याची तिथं पोल्ट्री होती. पुण्याचा भाव कळेपर्यंत व्यापारी पडत्या भावात कोंबड्या उचलायचे.

मंत्र्यांना द्यायला आणलेलं माझ्या हातातलं निवेदन पाहून तो हसला. "ते पीएच्या पिशवीत जातंय, दादा. हार गळ्यात जातो."

सत्काराच्या रांगेतून तो मंचावर चढला. त्यानं मंत्र्यांना हार घातला, पण दोन्ही हातांनी धरूनच ठेवला. समोर माईक चालू होता.

"सायेब, कळंबला फोनची नवी केबल कवा?"

"बघू."

"बघू न्हाय. महिना सांगा."

सभागृह हसलं. मंत्र्यांनी टेलिफोनच्या अधिकाऱ्याकडं पाहिलं. "दिवाळीच्या आत."

तेव्हा कुठं त्यानं हार सोडला. हक्काचं मागताना आवाज खाली जाऊ नये, हे मी पत्रकांतून लिहीत आलो होतो. त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिलं.

तो खाली आल्यावर मी विचारलं, "आणि नाही झालं तर?"

त्यानं भरलेल्या खुर्च्यांकडं हात केला. "एवढ्यांनी ऐकलंय की. आता इचारायला मी एकटा न्हाय."