अर्ध्या झाकणाचा रविवार

आमचे मावसोबा हवेवर जितका विश्वास ठेवतात तितका अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरं कुणी ठेवत नसेल. लोक बँकेवर ठेवतात, जावयावर ठेवतात, अगदीच कुणी नसेल तर एसटीच्या वेळापत्रकावर ठेवतात. मावसोबा हवेवर. हवेत सगळं काही असतं, ते उतरवून घ्यायला आपला कागद तयार पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. जाफराबादच्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली, आणि ज्या विषयात कुणी नापास होत नाही तो विषय शिकवणाऱ्या माणसाला जो निवांतपणा लाभतो, तो त्यांना पुरेपूर लाभला आहे. त्यांच्या चालण्याला चालणं म्हणणंही धाडसाचं आहे. रस्ताच त्यांच्या पायाखालून सावकाश सरकत असावा. बाजारात वांगी आणायला पाठवलं तर ते वांग्यांच्या जांभळ्या रंगाकडे बघत उभे राहायचे आणि रिकामी पिशवी घेऊन घरी यायचे. "वांगी कुठंयत?" मावशी विचारायची. "पाहून आलो," मावसोबा म्हणायचे, आणि मावशी कपाळावर हात मारून पुन्हा मशीनकडे वळायची.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, मावसोबा तिचे यजमान. ओसरीत तिची शिलाई मशीन होती आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज तिच्याकडे यायचे. डाव्या पायातली चप्पल काढून बाजूला ठेवायची, उजवी तशीच पायात, आणि मग पायडल असं चालवायची की बोलायला तिला वेगळा श्वास लागत नसे. त्या घरात बोलणारी ती एकटीच. मावसोबा रंगांचा विषय सोडला तर अबोल आणि त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा बापाच्या वरताण अबोल. दोघांना एकमेकांना काही सांगायचं असलं की ते ओसरीत येऊन मावशीला सांगत. "पप्पाला म्हणावं, फी भरायचीय." मग मशीनवरून मान न उचलता मावशी पुढं ढकलायची, "अहो, फी भरायचीय पोरीची." मावसोबा शेजारीच उभे असायचे, पण निरोप मशीनवरूनच जायचा. त्या घराचा टॉवर मावशीच होती म्हणा ना. ती अचानक गेली, पुढच्याच वर्षी प्रज्ञा नोकरीसाठी आयर्लंडला गेली, आणि मागं उरले मावसोबा, एक बंद मशीन आणि प्रज्ञाचा कॉलेजातला जुना लॅपटॉप.

हा लॅपटॉप उचलायचा तर आधी बसून पाय रोवावे लागतात. झाकणावर प्रज्ञानं कॉलेजात असताना चिकटवलेलं फुलपाखरू आहे, त्याचा एक पंख झिजून गेला आहे, आणि 'एन' हे बटण दाबलं की दोन 'एन' उमटतात. दर रविवारी दुपारी चार वाजता, म्हणजे तिकडे प्रज्ञाची सकाळ असताना, त्यावर तिचा व्हिडिओ कॉल यायचा. मावसोबांच्या आठवड्याला तो एकच वार होता. बाकीचे सहा त्याच्याकडे चालत जाण्यासाठी. मी किती वेळा म्हणालो, "मावसोबा, चांगला मोबाइल घ्या, कटकट मिटंल." त्यावर ते त्यांचा बटणांचा फोन खिशात सरकवत म्हणाले, "पोष्टाच्या तिकिटावर पोरीला पाहू का मी?" मात्र एवढ्या मोठ्या पडद्यावर पोरगी दिसूनही व्हायचं ते असं: "जयभीम, पप्पा." "जयभीम." "जेवलात?" "हो. तू?" "हो." मग दोघंही पडद्याच्या कोपऱ्यातल्या आपापल्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. मधे बोलणारं कुणी नव्हतं. प्रज्ञानं एकदा मला फोनवर विचारलंही, "दादा, मी दर रविवारी फोन करून पप्पांना त्रास तर नाही ना देत?" मला फार वाईट वाटलं.

त्यातच लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड म्हातारं झालं. मी जालन्यात, मस्तगडात राहतो आणि एका ऑफिसात मराठी टायपिंग करतो, त्यामुळे आमच्या नात्यात मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. साहजिकच बोलावणं मला. जालन्याहून भोकरदन, भोकरदनहून जाफराबाद, अशी एसटी आणि काळीपिवळी जीप करत मी जायचो. माझ्याकडे विद्या एकच, बंद करून पुन्हा चालू करणे. ती वापरून झाली की मी कपाळाला आठ्या घालून कार्डाच्या नावापुढचा तो पिवळा त्रिकोण मावसोबांना दाखवायचो. ते चष्मा वर करून बराच वेळ बघायचे आणि म्हणायचे, "हा पिवळा चुकलाय. धोक्याचा पिवळा असा नसतो, ह्याच्यात थोडा तांबडा पाहिजे." मी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत असताना ते मला रंगांची जात समजावून सांगत. वायफाय म्हणजे त्यांच्या मते वॉटरकलर. कागद ओला असला की रंग आपोआप पसरतो, कोरडा असला की अडतो. म्हणून कॉलच्या आधी ते अंगणात पाणी शिंपडायचे. शेजारच्या कमलबाईंना आधी वाटलं की दर रविवारी गुरुजींकडे पाहुणे येतात. एकदा तर मावसोबांनी शेजारपाजारासकट घराचा नकाशाच काढला आणि वायफाय जिथं दाट तिथं गडद निळा, विरळ तिथं फिका, असा रंगवून भिंतीवर लावला. राउटरपाशी समुद्र, न्हाणीपाशी नुसता दवाचा रंग. कमलबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या घरावर बी थोडा निळा मारा की. पोराचा मोबाइल चालंना." मावसोबांनी तिथल्या तिथं ब्रश बुडवून नकाशातल्या त्यांच्या घरावर निळा ओढला. दुसऱ्या दिवसापासून पोराचा मोबाइल बराबर चालायला लागला असं कमलबाई सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या. पासवर्डही मावसोबांनी सांगितला होता, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

एका थंडीतल्या रविवारी ऊन तिरपं होऊन पडद्यावर आलं म्हणून मावसोबांनी झाकण अर्धं खाली ओढलं, आणि मेलेलं वायफाय एकदम जिवंत झालं. झाकण वर केलं की जायचं, खाली केलं की यायचं. म्हणजे पडद्यात चेहरा बघायची सोय गेली, नुसता आवाज राहिला. कॅमेराही खाली वाकला. त्याला दिसायची ती फक्त बटणं आणि मावसोबांचे दोन हात. आता रिकामे हात पोरीला काय दाखवायचे, म्हणून त्यांनी बटणांवर एक कोरा कागद अंथरला आणि पेन्सिल घेतली. कॅमेरा समोरच्या बाजूनं बघणार, म्हणून चित्र काढलं तेही उलटं, प्रज्ञाला सुलट दिसेल असं. मी थक्क झालो तर म्हणाले, "अरे, समोरच्या बाकावरच्या पोराला त्याच्या वहीत काढून दाखवायचं म्हंजे उलटंच काढावं लागतं. जन्मभर तेच तर केलं." त्या दिवशी त्यांनी माणसांनी भरलेली काळीपिवळी काढली, टपावरच्या शेळीसकट. अर्धं चित्र झालं नाही तोच लॅपटॉपमधून हसण्याचा आवाज आला. "पप्पा, ही शेळी तिकीट काढून बसली का हो?" आणि मावसोबा, ज्यांच्या तोंडून पोरीशी बोलताना एका दमात चार शब्द आलेले मी ऐकले नव्हते, ते पेन्सिल न थांबवता त्या शेळीची अख्खी हकिकत सांगायला लागले.

तेव्हापासून रविवारचा रंगच पालटला. समोरासमोर बघायचं नाही, दोघांनी मिळून कागदाकडे बघायचं, एवढ्यानं त्या बापलेकींना वाचा फुटली. मावसोबा काढायचे, प्रज्ञा ओळखायची. पाण्याच्या टाकीवर बसलेला कोतवाल पक्षी, जिनिंग मिलबाहेर उभा कापसाचा ट्रॅक्टर, कमलबाईंचं रुसलेलं पोरगं. प्रज्ञाही सांगू लागली, तिकडचं आभाळ कसं असतं, तिची घरमालकीण मांजराशी कशी भांडते. मी शेजारी बसून चहा प्यायचो आणि मनातल्या मनात त्या बिघडलेल्या कार्डाला धन्यवाद द्यायचो. फक्त मावशीचं चित्र मावसोबांनी कधी काढलं नाही, आणि तिचं नावही दोघांपैकी कुणी काढलं नाही. मशीनवर चादर होती, ती तशीच होती.

आणि मग कार्ड पुरतं बसलं. झाकण अर्धं करा, पाव करा, उभं करा, आडवं करा, काही नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला. कमलबाईंचा मला फोन आला, "गुरुजींनी अंगणात पाणी शिंपडलं न्हाई. कागद घेऊन नुसते बसून राह्यलेत." मी पोचलो तेव्हा ते खरंच तसेच बसले होते, समोर कोरा कागद, शेजारी टोक केलेली पेन्सिल. मी त्यांना माझ्या मोबाइलवरून प्रज्ञाला फोन लावून दिला. "जेवलात?" "हो. तू?" "हो." एवढ्यात संपलं. फोन मला परत देताना ते म्हणाले, "संजू, हे कार्ड गेलं तर मंग पोरगी बी गेली रे." इतकं सरळ काही त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मी घाईनं लॅपटॉप उलटा केला, खालचं झाकण खोललं आणि ते बिस्किटाएवढं कार्ड बाहेर काढलं. त्याच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात, त्या मळल्या की खोडरबरानं पुसाव्यात असं मी कुठंतरी वाचलं होतं. खोडरबर म्हटल्याबरोबर मावसोबांच्या चेहऱ्यावर जीव आला. त्यांनी कंपासपेटीतून मऊ रबर काढलं आणि लहान पोराचं तोंड पुसावं तशा हातानं त्या पट्ट्या पुसल्या. "घाई न्हाई करायची. घाईत कागद फाटतो," ते मलाच शिकवत होते. पट्ट्या लखलखल्या, पण वायफाय आलं नाही.

मग वरात निघाली जालन्याला. लॅपटॉप चादरीत गुंडाळून मावसोबांच्या मांडीवर, आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचे दोन्ही हात त्यावर. कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, बाळाला किती महिने?" मावसोबा गंभीरपणे म्हणाले, "कॉलेज झालंय त्याचं." मस्तगडातल्या दुरुस्तीवाल्यानं आधी लॅपटॉपच्या वयाची थट्टा केली, दोनदा चहा मागवला, मग पडद्याची चौकट उकलली. कार्डाकडून पडद्यात जाणारी अँटेनाची वायर बिजागरीपाशी चिरडत चिरडत शेवटी तुटली होती. झाकण अर्धं असताना तिची टोकं कशीबशी टेकत होती, एवढंच. त्यानं नवी वायर ओढली, जुनं कार्ड काढून दुसरं बसवलं आणि झाकण पूर्ण उघडून दाखवलं. वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या. "आता बिलकुल टकाटक," तो म्हणाला. मला इतका आनंद झाला की एसटी स्टँडवर मी मावसोबांना उसाचा रस पाजला. त्यांनी तो प्यायचा सोडून त्याचा हिरवा रंग पाहिला.

रविवारी मावसोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली आणि अंगणात पाणी शिंपडलं. चार वाजता झाकण ताठ उभं राहिलं आणि प्रज्ञा दिसली, स्वच्छ, कपाळावरच्या बटेसकट. कितीतरी महिन्यांनी दोघांनी एकमेकांचे चेहरे पाहिले. ती वाळली होती. तिला तेही वाळलेले दिसले असणार. "जयभीम, पप्पा." "जयभीम." "जेवलात?" "हो. तू?" "हो." मावसोबांनी कॉलर सारखी केली. प्रज्ञानं बट मागं सारली. मी खुर्चीत चुळबुळ करत होतो. वाटलं, हे काय करून बसलो आपण, चांगलं बिघडलेलं होतं ते दुरुस्त केलं. आणि मग, मावसोबांच्याही वरताण अबोल असलेली ती पोरगी खाली बघत म्हणाली, "पप्पा, झाकण जरा खाली घ्या ना."

मावसोबा क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन बोटांनी झाकण हलकेच अर्ध्यावर आणलं, कागद अंथरला आणि पेन्सिल उचलली. मी त्यांच्या बाजूला होतो, म्हणजे चित्र मला उलटं. एक चाक दिसलं, मग एक वाकलेली मान, मग खाली जाळीसारखं काहीतरी. मला वाटलं, सायकल असावी. पेन्सिल आपली सावकाश फिरत राहिली. मग प्रज्ञा म्हणाली, "पायडलजवळ तिची चप्पल राहिली. डावी."

"काढून राह्यलो," मावसोबा म्हणाले. "जल्दी नको करू."

सायकल नव्हती ती. मशीनवरच्या चादरीकडे एकदा बघून मी चहा ठेवायला आत गेलो. मागं त्या दोघांचं बोलणं सुरू झालं होतं, मधेच ती हसायची, आणि दर दोन वाक्यांआड मावशीचं नाव ऐकू यायचं. चहा उकळला, कपात ओतला, त्यावर साय धरली. मी काही त्यांना हाक मारली नाही.