बाबांच्या बाजूचं दार

आमच्या जुन्या गाडीचा पत्रा सडलाय, हे मला बाबांच्या पायामुळे कळलं.

बाबा ब्याऐंशीचे आहेत. पाच वर्षांपासून ते स्वतः गाडी चालवत नाहीत. माझ्या शेजारी बसून तोंडानं चालवतात. "क्लच दाब. सोड आता. तो सायकलवाला येऊन राहिला, दिसते ना?" शिवाय माझ्यावर भरवसा नसल्यानं प्रत्येक चौकात आपल्या पायाखाली नसलेला ब्रेक कचकचून दाबतात. डिसेंबरातल्या एका रविवारी त्यांनी असाच ब्रेक दाबला आणि टाच थेट डांबराला लागली. गाडी मी आधीच थांबवली होती. पण ती कोणी थांबवली, याबद्दल आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

गोल दिव्यांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली ही गाडी बाबांनी ऐन उमेदीत घेतली. गुडघे गेल्यापासून रविवारी सकाळी तिच्यातून तलावापर्यंत जाऊन येणं, एवढंच त्यांचं बाहेर पडणं उरलं होतं. माझ्या नव्या गाडीत ते बसत नाहीत. म्हणतात, "तिच्यात बसलं की दवाखान्यात चाललो असं वाटते."

त्या दिवशी घरी येताच म्हणाले, "झालं तिचं. कबाडीवाल्याले बोलाव." आणि चहा न घेता आत गेले. बाबांनी चहा सोडला म्हणजे प्रकरण गंभीर. मी दारातूनच ओरडलो, "बाबा, मी घरीच पत्रे बदलतो! पाडव्यापर्यंत थांबा."

"तुम्ही?" बायकोनं विचारलं. "मागच्या वर्षी तुम्ही बाथरूमची कडी बसवली. तेव्हापासून आपण सगळे आत गेलो की गाणं म्हणतो."

मी ग्राइंडर आणला, चष्मा आणला आणि मोबाईलवर एका गोऱ्या माणसाचे सतरा व्हिडिओ पाहिले. त्याचं गॅरेज आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ होतं, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. गंजाचं असं असतं की खरवडावा तितकं भोक मोठं होतं. टाचेएवढ्या भोकाची मी दोन रविवारांत परात केली.

आता नवा पत्रा हवा. नागपुरात पत्रा म्हटलं की माणसाचे पाय आपोआप कूलरवाल्याकडे वळतात. त्यानं माझ्या मापाचे चकचकीत तुकडे कापून, कडा वळवून दिले. ते पोर्चमध्ये मांडून ठेवल्यावर मला आपण इंजिनिअर झालोच असतो, असं वाटायला लागलं.

बाबा रोज सकाळी खुर्ची टाकून शेजारी बसायचे. "हळू गा! भाकर शेकून राहिला का?" वगैरे चालू असायचं, पण चहा दोनदा व्हायचा. माझं काम त्यांना आवडत होतं की माझी फजिती, हे मी विचारलं नाही.

मग तो शनिवार आला. गाडीच्या प्रत्येक बाजूला दोन्ही दारांखालून एक लांब पोकळ पेटी जाते. बाबांच्या बाजूची पार सडली होती. गाडी मी पुढून-मागून विटांवर चढवली आणि ती पेटी बुडापासून कापून काढली. कापलेला तुकडा मी मासा पकडल्यासारखा हातात धरून बायकोकडून फोटोही काढून घेतला. बाबा कौतुकानं उठले आणि सवयीनं आपल्या बाजूचं दार लोटलं.

ठक्क.

दार लागेना. त्यांनी पुन्हा लोटलं, मग जरा उचलून लोटलं. दाराची वरची कड चौकटीवर बोटभर अडकत होती.

"वाकली का गा?"

"नाही बाबा, थोडं ॲडजस्ट..."

त्यांनी ऐकून घेतलं नाही. खुर्ची उचलून आत गेले. दुसऱ्या दिवशी रविवार असून पोर्चमध्ये आले नाहीत, सोमवारीही नाही. मंगळवारी त्यांनी कबाडीवाल्याचा नंबर मागितला, तोही माझ्याकडे नाही, सुनेकडे. ती म्हणाली, "मीच लावते फोन, बाबा."

फोन तिनं लावला, पण डेंटरकाकांना. हे काका पारशिवनीकडचे. चाळीस वर्षं ठोकलेल्या गाड्या सरळ करून त्यांच्या कानाला आता कमी ऐकू येतं. संध्याकाळी ते आले, तर बाबा खिडकीतूनच म्हणाले, "घेऊन जा, भाऊ. भाव काही करत नाही मी."

"कुठं घेऊन जाऊ, बाबूजी? हलवली तर मधून दोन होईन ही!" काका ओरडले. मग माझ्याकडे वळले. "हे कोणं केलं?"

मी ग्राइंडर पाठीमागे लपवला.

"भाऊ, आधी चौकटीत लोखंडी टेकू मारा लागते, मग पेटी कापा लागते. तुम्ही तं घराची भिंत काढली आन् छताले सांगितलंच नाही." मग त्यांचं लक्ष माझ्या चकचकीत तुकड्यांकडे गेलं. "अन् हा तं कूलरचा पत्रा होय! गाडीत पाणी भरता का? याच्यावर जस्त असते, वेल्डिंग केलं तं धुरानं ताप येते. काळा पत्रा लागते हिले."

"पण सरळ होईल ना?" हे बाबांनी विचारलं. ते कधी बाहेर आले, कोणाला कळलं नाही.

"होईन. पण टेकूले आत्ता अँगल पाह्यजे."

आम्ही सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. अँगल समोरच होते: बेडरूमच्या खिडकीबाहेर कूलरचं स्टँड. मार्च लागला होता. ज्याला नागपूरचा मे माहीत आहे, त्यानं त्या स्टँडकडे वाईट नजरेनं पाहू नये. मी पाहिलं नाही. बायको म्हणाली, "कापा ते."

"अगं, कूलर?"

"विटांवर ठेवू. विटा रचणं तेवढं तुम्हाला जमतं."

काकांनी गाडीच्या मध्याखाली लाकडाचा ठोकळा आणि जॅक लावला. जॅकचा दांडा ते पाव फेरा फिरवायचे आणि थांबायचे. "बाबूजी, तुम्ही दार लावून पाहा. मले आता आवाज समजत नाही."

बाबा खुर्चीवर बसले, हात दाराच्या मुठीवर. पाव फेरा. ठक्क. "नाही." पाव फेरा. पत्रा कुठेतरी कुरकुरला. ठक्क. "नाही." सातव्या की आठव्या खेपेला दार घासून आत गेलं. मी टाळी वाजवली.

"टाळ्या नको वाजवू. नाही लागलं. अजून जराक, भाऊ."

काकांनी दांडा केसभर हलवला. बाबांनी दार उघडलं आणि नुसत्या दोन बोटांनी लोटून सोडून दिलं. खट्. छोटासा, कोरडा आवाज. बाबांनी मान हलवली. काकांनी दार लागलेलं असतानाच आतून कूलरच्या स्टँडचे अँगल वेल्डिंगनं जागच्या जागी बसवले. जॅक सैल केला. बाबांनी पुन्हा दार उघडून सोडलं. खट्. मग आणखी एकदा. मग बायकोला बोलावून तिच्याकडून एकदा.

चहा आला. बाबांनी बशीत ओतून घेतला आणि काकांना विचारलं, "काळा पत्रा घेऊन उद्या किती वाजता येता?"

"दहाले येतो."

"अकराले या," बाबा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "हा साडेदहाले ऑफिसले जाते."